आपल्या व्याख्यानमालेत विज्ञान कुठं आहे?

एप्रिल लागला की उत्तर नागपुरात चौकाचौकांत व्याख्यानमालांचे फ्लेक्स लागतात. इंदोरा असो, पाचपावली असो, विषय साधारण तेच असतात. संविधानापुढील आव्हानं. आरक्षण आणि खासगीकरण. धम्मक्रांती आणि आजचा समाज. बाबासाहेब आणि स्त्रीमुक्ती. वक्तेही ठरलेले: वकील, मराठीचे प्राध्यापक, निवृत्त अधिकारी आणि माझ्यासारखे समाजशास्त्रात एम.ए. केलेले लोक. हे विषय नकोत असं माझं म्हणणं अजिबात नाही. मी स्वतः त्यांवर बोलते आणि यापुढेही बोलणार. पण आठवडाभराच्या मालेत एकही व्याख्यान रक्तावर, विजेवर, पाण्यावर किंवा हातातल्या मोबाइलवर का नसतं?

मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारलं की उत्तर येतं, "ताई, असे वक्ते मिळत नाहीत." हे मला पटत नाही. गेल्या दोन-तीन पिढ्यांत आपल्यातून डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, नर्स, लॅब टेक्निशियन, वायरमन, आयटीआयचे फिटर, रसायनशास्त्राचे शिक्षक झाले. एका गल्लीत पाच निघतील. आपण त्यांना स्टेजवर बोलावतो, नाही असं नाही. पण कशासाठी? सत्कारासाठी, नाहीतर देणगी जाहीर करण्यासाठी. शाल घ्यायची, पाकीट द्यायचं आणि खुर्चीवर बसून वकिलाचं भाषण ऐकायचं. ज्या विषयात त्या माणसानं आयुष्याची वीस वर्षं घातली, त्या विषयावर बोल असं त्याला आपण कधी म्हटलंच नाही.

आता बाबासाहेबांचं काय म्हणणं होतं ते बघा. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचं एक सविस्तर निवेदन दिलं. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. शिक्षणाबद्दल त्या निवेदनात त्यांनी जे मांडलं ते आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचं फारसं भलं होणार नाही, त्याला उपयोगी पडेल ते विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं प्रगत शिक्षण, असं त्यांचं म्हणणं होतं. हे शिक्षण त्यांना परवडणारं नाही, म्हणून देशातल्या संस्थांसाठी आणि परदेशी विद्यापीठांसाठी सरकारनं शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी त्यांनी केली. ज्या माणसाकडं कायद्याच्या आणि अर्थशास्त्राच्या जगातल्या उत्तम पदव्या होत्या, तो माणूस हे लिहीत होता. आपण त्यांचा कोट-टाय घेतला, हातातलं संविधान घेतलं. हे निवेदन मात्र खंडातच राहिलं.

मजूर खातं म्हणजे फक्त कामगारांचं खातं, असाही आपला समज असतो. त्या खात्याकडं त्या वेळी वीज आणि पाटबंधारेही होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांची पायाभरणी त्याच काळात झाली. १९४३ मध्ये वीज धोरणाच्या समितीपुढं बोलताना बाबासाहेबांचा आग्रह होता की वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, कारण औद्योगिकीकरणाशिवाय या देशातला गरीब दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही. यंत्रानं माणसाचं वाटोळं केलं म्हणणाऱ्यांना त्यांनी गांधीवादावरच्या लिखाणात उत्तर दिलं आहे: दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. सतत राबणाऱ्याला फुरसत मिळाल्याशिवाय तो माणूस म्हणून जगू शकत नाही आणि ती फुरसत यंत्रच देऊ शकतं. म्हणजे तंत्रज्ञान हा बाबासाहेबांसाठी सुटीच्या दिवशी प्रदर्शनात जाऊन पाहायचा विषय नव्हता, जातिअंताच्या लढाईतलं ते एक हत्यार होतं.

(जाता जाता एक दुरुस्ती. "वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे बाबासाहेबांनी संविधानात लिहिलेलं कर्तव्य आहे" असं आपल्या भाषणांत सर्रास म्हटलं जातं. कलम ५१-क हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आलं. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ चं. विज्ञानाच्या बाजूनं बोलताना तरी आपण तारखा तपासून बोलावं.)

विज्ञानाच्या नावानं आपल्याकडे काहीच होत नाही असंही नाही. दोन प्रकारचे कार्यक्रम होतात आणि दोन्हींबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे.

पहिला प्रकार चमत्काराच्या प्रयोगांचा. नारळातून आग काढायची, जिभेत त्रिशूळ घालायचा, हातावर कापूर जाळायचा. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाबद्दल मला आदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी जीव दिला, २० ऑगस्ट २०१३ ही तारीख कुणी विसरू नये. पण हा प्रयोग आपल्या विहारात झाला की काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक. त्यामुळे बाबाबुवाच्या फजितीवर आपण मनसोक्त हसतो आणि "ते" किती अडाणी आहेत यावर एकमत करून घरी जातो. एकदा आठवीतल्या एका मुलीनं प्रयोग करणाऱ्याला विचारलं, "पण काका, आग लागली कशी?" उत्तर आलं, "केमिकल असते त्याच्यात." संपलं. बुवा म्हणतो मंत्र, आपण म्हणतो केमिकल. त्या मुलीच्या पदरात दोन्हीकडून सारखंच पडलं.

दुसरा प्रकार जास्त अवघड, कारण तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. "बुद्ध हा जगातला पहिला वैज्ञानिक", "अणूचा शोध बुद्धानं लावला", "क्वांटम फिजिक्स म्हणजेच अनित्यवाद", "उत्क्रांती म्हणजेच प्रतीत्यसमुत्पाद". अशी व्याख्यानं खच्चून भरतात, टाळ्या पडतात, व्हॉट्सॲपवर क्लिप फिरते. इथं मला मेघनाद साहा आठवतात. साहांचा जन्म १८९३ चा, ढाक्याजवळच्या खेड्यातला, एका लहान दुकानदाराच्या घरातला. जात खालची मानली गेलेली. कोलकात्याच्या हिंदू वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांनी त्यांना आपल्या पंगतीत बसू दिलं नाही. या माणसानं १९२० मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान आणि घटक ओळखण्याचं समीकरण दिलं. आजही खगोलभौतिकीच्या प्रत्येक पुस्तकात ते साहा समीकरण म्हणून शिकवतात. ढाक्यातल्या एका वकिलाला ते आपलं संशोधन समजावून सांगत होते. वकील म्हणाला, यात नवीन काय, हे सगळं वेदात आहेच. साहांनी विचारलं, वेदात नेमकं कुठं? वकिलानं सांगितलं, मी काही वेद वाचलेला नाही, पण तुम्ही लोक जे शोधता ते सगळं त्यात असणारच. साहांनी पुढं हा प्रसंग लिहून या वृत्तीची चांगलीच सालं काढली.

मित्रांनो, वेदाच्या जागी त्रिपिटक ठेवलं की आपलं व्याख्यान तयार होतं. मी हे विहारातच बोलले तेव्हा एक ज्येष्ठ बंधू माझ्यावर बरेच चिडले. त्यांचं म्हणणं, बुद्धाची आणि वेदाची तुलनाच कशी करता? तुलना बुद्धाची नाही, आपल्या सवयीची आहे. कालाम सुत्तात, केवळ ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असं आहे. आणि आपण कालाम सुत्तात आहे म्हणून ते मानतो! बुद्धाला हायड्रोजन माहीत असण्याची काही गरज नाही. दुःखाला कारण असतं, ते कारण शोधता येतं आणि दूर करता येतं, एवढी एक गोष्ट घेऊन जरी आपण आपल्या वस्तीतल्या दुःखांकडं गेलो तरी पुष्कळ आहे.

राहिला शहरातल्या मोठ्या सभागृहांतला कार्यक्रम. नागपुरात रमण विज्ञान केंद्र आहे, विद्यापीठ आहे, राष्ट्रीय पातळीच्या प्रयोगशाळा आहेत. तिथं चांगली व्याख्यानं होतात, बहुतेक फुकट असतात. आपली माणसं का जात नाहीत? वेळ संध्याकाळी पाचची, कामावरून सुटायच्या आधीची. भाषा इंग्रजी किंवा इंग्रजीसारखी मराठी. शेवटी "एनी क्वेश्चन्स" म्हटल्यावर हात वर करणारे ठरलेले. दाराशी कुणी अडवत नाही हे खरं, पण आत गेल्यावर आपण चुकून आलोय असं वाटतं. हे वाटणं कुठून येतं ते या ब्लॉगच्या वाचकांना मी समजावून सांगायची गरज नाही.

यावरून आमच्यातल्या एका कार्यकर्त्यानं टोक गाठलं. वस्तीला कृष्णविवर कशाला हवं, वस्तीला नळ हवा. मला हेही मान्य नाही. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. त्याच्या शेवटच्या पत्रात तारे आहेत. आपल्या पोरांच्या वाट्याला फक्त गटार आणि रेशनकार्ड आणि दुसऱ्यांच्या पोरांच्या वाट्याला आकाश, अशी वाटणी आपणच करून द्यायची काय? आमच्या विहाराच्या गच्चीवर एका शिक्षकानं आपली छोटी दुर्बीण लावली होती. शनीची कडी बघायला रात्री साडेअकरापर्यंत रांग होती. एका आजीनं डोळा काढला आणि दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर बोट फिरवून पाहिलं, चित्र तर चिकटवलं नाही ना म्हणून. मला तो त्या रात्रीचा सगळ्यात शास्त्रीय प्रश्न वाटला.

तर आम्ही दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी, जेवणं झाल्यावर, रात्री साडेआठला विहारात एक व्याख्यान ठेवतो. नियम मोजके आहेत. वक्त्यानं पाऊण तासाच्या वर बोलायचं नाही. प्रश्न आठवडाभर आधी एका वहीत गोळा करायचे आणि वक्त्याला द्यायचे. स्टेज नाही, सत्कार नाही. वक्ता शक्यतो वस्तीतला किंवा शेजारच्या वस्तीतला. सगळ्यात जास्त ज्यानं हलवलं, ते व्याख्यान सिकलसेलचं होतं.

विदर्भातल्या माणसाला सिकलसेल सांगावा लागत नाही. "तिले सिकल आहे" हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत दबक्या आवाजात बोललं जातं. त्याआधी एका संस्थेनं आमच्याकडे शिबिर घेतलं होतं. मोठा बॅनर, इंग्रजी स्लाइड, वीस मिनिटांचं भाषण, मग रांगेनं रक्ताचे नमुने, मग फोटो. रिपोर्ट आजतागायत आलेले नाहीत. रक्त आमचं गेलं, ज्ञान त्यांच्याकडं राहिलं. त्यामुळं पुन्हा सिकलसेल म्हटल्यावर बायका म्हणाल्या, नको बाई.

या वेळी बोलायला उभी राहिली ती आमच्याच मागच्या गल्लीतली, एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन असलेली मुलगी. तिनं स्लाइड आणल्याच नाहीत. एक विळा आणला, एक वाटाण्याची मूठ आणि रुपयाची दोन नाणी. लाल पेशी एरवी गोल, मऊ, कुठल्याही बारीक नळीतून सरकणारी. रक्तातल्या हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनात एका ठिकाणी एक घटक बदललेला असतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस, एवढाच फरक. पण ऑक्सिजन कमी झाला की ही पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि मग ती जीवघेणी कळ उठते. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. अंगात बाहेरचं काही शिरलेलं नाही, कुणी करणी केलेली नाही आणि हा शिवल्यानं होत नाही.

मग नाणी. "आईजवळ या गुणाच्या दोन प्रती असतात, बापाजवळ दोन. लेकराला दोघांकडून एकेकच मिळते. कोणती मिळेल ते असं," म्हणून तिनं दोन्ही नाणी दोन मुलांच्या हातात दिली. एक मूल आई, एक मूल बाप. दोघंही वाहक, म्हणजे एएस. छापा म्हणजे साधी प्रत, काटा म्हणजे सिकलची. दोन्हीकडे काटा पडला तर लेकरू एसएस, म्हणजे रुग्ण. एक काटा एक छापा, तर लेकरू वाहक. दोन्ही छापे, तर काहीच नाही. मुलं नाणी उडवत गेली, ती फळ्यावर लिहीत गेली. पहिल्या चार फेकींत दोनदा काटा-काटा आलं. नंतर सात फेकींत एकदाही नाही.

एक मावशी उठल्या. त्यांचा प्रश्न वहीत नव्हता. "माहा मोठा एसएस निघाला. डॉक्टर म्हणे चारातून एक. मंग बाकीचे तिघं सुटले ना?" किती घरांत या एका गैरसमजावर पुढची लेकरं झाली असतील! त्या मुलीनं नाणी मावशींच्याच हातात दिली. म्हणाली, "मावशी, मागच्या खेपेला काय पडलं ते नाण्याले आठवते काय? दर खेपेला चारातून एकच शक्यता, पण दर खेपेला नवी."

आणि मग ते झालं ज्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. मागं बसलेले एक काका मोठ्यानं म्हणाले, "आमच्या घराण्यात कोणालेच नव्हतं. सुनेनं आणलं." सून समोरच बसली होती, मांडीवर तीन वर्षांचं लेकरू. सभा गप्प. टेक्निशियन मुलगी त्यांच्याकडं वळली. आवाज न चढवता तिनं विचारलं, "काका, एका नाण्यानं दोन काटे पडतील काय?" काका काही बोलले नाहीत. बायकांच्या बाजूला एक लाट गेल्यासारखी कुजबुज गेली. सासरच्यांनी टाकलेल्या, "पांढऱ्या पायाची" म्हणवून घेतलेल्या किती सुना माझ्या कामात मला भेटल्या आहेत. मी त्यांना समतेवर भाषणं दिली, कायदे सांगितले. या वाक्यानं त्या दिवशी जे केलं ते माझ्या भाषणांनी कधी केलं नव्हतं. कारण इथं सुनेची बाजू घ्यायची गरजच उरली नाही, हिशेबच तिच्या बाजूनं होता.

तरुणांतून पुढचा प्रश्न आला तो टोकदार होता. "आपल्याच जातीत काहून?" उत्तर असं की आपल्याच नाही. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा यांच्यात आहे, आफ्रिकेत आहे, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठावर आहे. जिथं मलेरियानं शतकानुशतकं लेकरं मारली तिथं हा गुण टिकला, कारण ज्याच्याकडं एकच प्रत आहे त्याचा गंभीर मलेरियापासून बराच बचाव होतो. एक प्रत वाचवते, दोन मारतात. यात पापपुण्य नाही, शुद्ध-अशुद्ध रक्त नाही. इथं मात्र मी मध्ये बोलले. मलेरियानं गुण टिकवला, पण तो त्याच त्या घरांत फिरत राहतो याचं एक मोठं कारण जात आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी सांगितलं की जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न हेच आहे. एम.ए.ला मी तो निबंध सिद्धांत म्हणून शिकले. विहारात दोन नाण्यांसमोर तो मला पहिल्यांदा रक्तात दिसला. अर्थात, रक्त सुधारावं म्हणून जातीबाहेर लग्न करा असा याचा अर्थ कुणी काढू नये. माणसं निवडून पैदास करण्याचा विचार जगात कुठं पोचला ते आपल्याला माहीत आहे. लग्न माणसाशी करायचं. फक्त दोघांना काय असू शकतं ते ठाऊक असावं. गरोदरपणात लवकर तपासणी करता येते हेही ठाऊक असावं.

"कुंडली नको, कार्ड जुळवा" ही घोषणा विदर्भात बरीच वर्षं आहे आणि ती चांगली आहे. पण प्रत्यक्षात कार्ड मागितलं जातं ते मुलीचं. मुलगी एएस निघाली की बैठक मोडते. मुलाची तपासणी झालेलीच नसते, कारण विचारायची कुणाची छाती नाही. त्या रात्री मुलींनी ठरवलं की कार्ड दाखवायचं ते समोरच्याचं बघूनच. पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात तपासणीला गेलेल्यांत बायका जास्त होत्या, तरुण पोरं सहाच. ही लढाई अजून बाकी आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी कळांचं प्रमाण कमी होतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल रोग आहे, या तीन गोष्टीसुद्धा निम्म्या घरांना त्या रात्री पहिल्यांदा कळल्या.

बारावीतल्या एका मुलानं विचारलं, हा गुणच दुरुस्त करता येत नाही का? येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेनं जनुक कापून-जोडून करायच्या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर तंत्रावरचा जगातला पहिला मंजूर उपचार, आणि तो सिकलसेलवरचा. रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढतात, त्यांत असा बदल करतात की गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं, आणि पेशी परत सोडतात. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. पोरानं मोबाइलवर हिशेब केला, अठरा कोटी रुपयांच्या वर. सभेत कुणीतरी हसलं. तो हसला नाही. भारतातही यावर संशोधन चालू आहे, हे त्याला सांगितलं. १९४२ चं निवेदन मी त्याला त्यानंतर वाचायला दिलं. आपल्या घरातला आजार जगातल्या सगळ्यात पुढच्या प्रयोगशाळेत आहे. त्या टेबलाशी आपलं कुणी आहे का?

चळवळीतले काही मित्र म्हणतात, ताई, हे एनजीओचं काम झालं, यात लढा कुठं आहे? त्यांच्यासाठी दुसरं व्याख्यान सांगते. विषय होता गटारातला वायू. ऐकायला कंत्राटावर सफाईचं काम करणारे बाराएक जण होते. रसायनशास्त्राच्या एका शिक्षकानं सांगितलं की हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. एकानं विचारलं, "म्हणजे वास गेला, की गॅस गेला असं नाही?" नाही. वास गेला म्हणजे कदाचित वाढला. आणखी वाढला तर काही श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. काडी पेटवून बघायची जुनी पद्धत फक्त ऑक्सिजन सांगते, हा वायू सांगत नाही. खाली मिथेन असेल तर काडीनंच भडका उडतो. लोकांच्या चेहऱ्यांवर मी तेव्हा जे पाहिलं ते शब्दांत मांडणं अवघड आहे. प्रत्येकाला कुणी ना कुणी आठवत होतं.

पुढच्या आठवड्यात दोघांनी मॅनहोलमध्ये उतरायला नकार दिला. ठेकेदारानं त्यांना कामावरून बसवलं. एकाची बायको माझ्याकडं आली. "तुमी सांगितलं ते बरोबर हाये ताई. पण चार दिवस झाले, हे घरीच बसून हायेत." या प्रश्नापुढं विज्ञानाचं व्याख्यान एकटं उभं राहू शकत नाही. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मेल्यावरचे आकडे आपल्याला पाठ असतात. आम्ही जिवंतपणीचा अर्ज लिहिला. त्यात कायद्याच्या कलमाबरोबर वायूचं नाव लिहिलं, त्याचं प्रमाण लिहिलं, वायुमापक यंत्र का लागतं ते लिहिलं. पन्नास लोक घेऊन कार्यालयात गेलो. साहेबानं अर्ज वाचून विचारलं, हे कुणी लिहून दिलं? "आमीच," त्या दोघांपैकी एक जण म्हणाला आणि वायू खाली का साचतो ते त्यानं साहेबाला समजावून सांगितलं. त्या लाइनवर मशीन आलं. एकाला परत कामावर घेतलं, दुसरा आता ई-रिक्षा चालवतो. वायुमापक अजून आलेलं नाही, अर्ज चालू आहे. यात लढा कुठं आहे असं विचारणाऱ्या मित्रांनी पुढच्या खेपेला आमच्यासोबत यावं.

जयंती मंडळांना माझं सांगणं एवढंच आहे: येत्या वर्षी मालेतला एक दिवस द्या. बाहेरचा मोठा वक्ता शोधू नका. आपल्या गल्लीतल्या नर्सला, वायरमनला, बी.एस्सी.च्या पोरीला विचारा. पहिल्यांदा ते लाजतील, मराठी शब्द सापडणार नाहीत, प्रोटीनला प्रोटीनच म्हणतील. म्हणू द्या. वही आधी फिरवा, म्हणजे लोकांना काय हवं ते कळेल. माइकचा आवाज कमी ठेवा.

आमच्याकडे या शनिवारी विषय आहे नवं वीज मीटर. बोलणार आहे वस्तीतलाच वायरमन. वहीत आतापर्यंत अकरा प्रश्न आलेत. बहुतेक बिलाचे आहेत. एक त्या दुर्बिणीवाल्या आजीचा आहे: घरातलं सगळं बंद केलं तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहतो, तर तो कोणाची वीज मोजतो? वायरमन म्हणाला, हे इथून सांगता यायचं नाही, घरी जाऊन एकेक वायर बघावी लागेल. शुक्रवारी संध्याकाळी तो जाणार आहे.